बाजारातील शब्द आणि शेतकऱ्याची पट्टी

पेरणीपासून काढणीपर्यंतच्या कामांविषयी गावपातळीवरील कार्यकर्ते शेतकऱ्यांना वेळोवेळी मार्गदर्शन करीत असतात. परंतु माल एकदा गोणीत भरून गाडीवर चढला म्हणजे आपले काम संपले, अशी समजूत पुष्कळांच्या ठिकाणी आढळते. वस्तुतः वर्षभराच्या कष्टांचे मोल ठरते ते बाजाराच्या ओट्यावर, आणि तेही काही क्षणांत. हे मोल ज्या रीतीने ठरते त्या रीतीचा अभ्यास शेतकऱ्याने व त्याच्या मार्गदर्शकाने केला पाहिजे. बियाणे व खत यांच्या माहितीइतकाच तो उपयोगी आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, व्यापाराची परंपरा जुनी आहे. शहरातील आडते बाजार आणि दाळमंडई ही नावेच तिची साक्ष देतात. आज कांद्याचे मोठे लिलाव नेप्ती, घोडेगाव, वांबोरी अशा ठिकाणी भरतात. जामखेड व कर्जत भागांतील ज्वारी, शेवगाव-पाथर्डीकडील कापूस, कोपरगाव-राहात्याकडील सोयाबीन यांचे व्यवहार त्या त्या पेठेत होतात. या सर्व ठिकाणी एक गोष्ट समान आहे. हजारो रुपयांचा सौदा प्रथम तोंडी होतो. कागद मागाहून येतो. अडत्याने भाव पुकारला, खरेदीदाराने मान डोलावली, की सौदा पक्का झाला असे सर्व बाजार मानतो. दुपारी भाव उतरला म्हणून सकाळी दिलेला शब्द फिरविणारा व्यापारी त्या ओट्यावर फार दिवस उभा राहू शकत नाही. यालाच बाजारात ‘पत’ म्हणतात.

पत हा शब्द व्यापाऱ्यांच्या भाषेत किती खोल रुजला आहे हे जुन्या हुंड्यांवरून कळते. हुंडीचा एक प्रकार ‘शहाजोग’ या नावाने ओळखला जात असे. तिचे पैसे वाटेल त्या माणसास मिळत नसत. बाजारात प्रतिष्ठित म्हणून मान्यता असलेल्या ‘शहा’मार्फतच ते द्यावयाचे असत. म्हणजे माणसाची अब्रू हीच त्या कागदाची हमी होती. उलट ज्याची पत गेली त्याने भरदिवसा दुकानात दिवा लावून ठेवावा आणि लोकांनी काय ते समजावे, असा पूर्वी प्रघात होता व त्यावरूनच ‘दिवाळे’ हा शब्द आला, असे सांगतात. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वहीची पूजा करण्याची चालही याच भावनेतून टिकून राहिली आहे. वहीत लिहिलेले खरे, आणि जे खरे तेच वहीत लिहावयाचे, ही तिच्यामागील अपेक्षा.

ही परंपरा सर्वांत कडक होती ती मुंबईच्या कापूस बाजारात. कापसाच्या गाठी पूर्वी किल्ल्यातील हिरवळीवर, नंतर कुलाब्यास व पुढे शिवडीस येत; कॉटन ग्रीन या रेल्वे स्थानकाच्या नावात ती आठवण अद्याप राहिली आहे. १८७५ साली तेथे कापूस व्यापाऱ्यांची संघटना स्थापन झाली आणि १९२१ साली ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन अस्तित्वात आली. या बाजारात हजर मालाबरोबरच वायद्याचे सौदेही होत. वायदा म्हणजे पुढील ठराविक महिन्यात ठराविक प्रतीचा माल आज ठरलेल्या भावाने देण्याघेण्याचा करार.

असा करार कशासाठी, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या व्यापाऱ्याने खेडोपाडी फिरून शंभर खंडी कापूस विकत घेतला आणि तो गिरणीस पोचेपर्यंत दोन महिने जावयाचे आहेत, असे समजू. तेवढ्या काळात भाव कोसळला तर त्याचे नुकसान होईल. म्हणून तो माल घेतानाच तेवढ्याच कापसाचा वायदा विकून ठेवतो. पुढे भाव उतरल्यास हजर मालात झालेला तोटा वायद्यातील नफ्याने बऱ्याच अंशी भरून निघतो. भाव चढल्यास याच्या उलट घडते. येथे वायदा हा विम्याचे काम करतो. मात्र ज्याच्याकडे कापूसही नाही व गिरणीही नाही, असा मनुष्य केवळ भावातील फरकावर पैसे लावू लागला की त्या व्यवहारास सट्ट्याचे रूप येते. त्याच मुंबईत पुढे न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या व बंद होणाऱ्या भावांच्या आकड्यांवर लोक पैसे लावू लागले. ‘आकडा’ या नावाने तो जुगार खेड्यांपर्यंत पोचला व त्याने अनेक घरे बुडविली. वायदा आणि आकडा यांतील हा भेद शेतकऱ्याने पक्का ध्यानात ठेवावा.

शब्दाला एवढे महत्त्व येण्यास कायदाही एका परीने कारणीभूत झाला. १८७२ च्या करार कायद्याने पैजेचे करार निरर्थक ठरविले. मुंबई इलाख्यात त्यापूर्वीच, १८६५ साली, या विषयावर स्वतंत्र कायदा झाला होता. प्रत्यक्ष माल देण्याघेण्याचा दोन्ही पक्षांचा हेतूच नव्हता असे सिद्ध झाले, तर तो सौदा पैज ठरून न्यायालयात टिकत नसे. अशा स्थितीत तोट्यात गेलेल्या माणसाने ‘ही पैज होती’ असे म्हणून हात वर केले, तर समोरच्याने जावे कोठे? म्हणून बाजाराने आपली शिक्षा आपणच ठरविली. शब्द मोडणाऱ्याशी कोणी सौदा करावयाचा नाही, त्याचा माल कोणी उचलावयाचा नाही. पक्क्या अडतीची रूढीही याच गरजेतून बळावली. कच्चा अडत्या केवळ दोन पक्षांची गाठ घालून देतो. पक्का अडत्या मात्र परगावच्या ग्राहकाचा सौदा पुरा होण्याची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतो. समोरचा बुडाला तरी ग्राहकाला पैसे देणे त्याला भाग असते. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई उच्च न्यायालयानेही या रूढीची दखल घेतली.

परदेशांतही याहून निराळे चित्र नव्हते. शिकागो येथे १८४८ साली धान्याचा संघटित बाजार स्थापन झाला. तेथील पायऱ्यांच्या खळग्यात उभे राहून दलाल आरडाओरड व हाताच्या खुणा यांनी सौदे करीत. तळहात स्वतःकडे वळविला म्हणजे खरेदी, समोर केला म्हणजे विक्री. गलबल्यात एखादा सौदा दोघांच्या टिपणांत निरनिराळा लिहिला गेला, तर दुसऱ्या दिवशी बाजार उघडण्यापूर्वी दोघांनी बसून तो मिटवावयाचा, अशी तेथील रीत होती. २०१५ साली शिकागोचे बहुतेक खळगे बंद झाले व व्यवहार यंत्रावर गेले. लंडनच्या धातू बाजारात मात्र वर्तुळाकार आसनांवर बसून सौदे पुकारण्याची चाल अद्याप चालू आहे.

येथवरचे वर्णन वाचून व्यापाऱ्यांच्या सचोटीविषयी आदर वाटणे स्वाभाविक आहे, आणि तो काही अंशी योग्यही आहे. परंतु एक प्रश्न विचारल्यावाचून हा अभ्यास पुरा होत नाही. हा शब्द दिला जात होता कोणाला?

नियंत्रित बाजारपेठा येण्यापूर्वी महाराष्ट्रातील बहुतेक पेठांत ‘हत्ता’ पद्धतीने भाव ठरत असे. अडत्या व खरेदीदार एकमेकांचा हात हाती घेत आणि त्यावर रुमाल किंवा उपरण्याचा पदर टाकीत. बोटे दाबून भाव सांगितला जाई. एकच बोट प्रसंगानुसार एक, दहा किंवा शंभर असे. कोणता अर्थ घ्यावयाचा हे बाजारातील मुरलेल्या माणसांना आपोआप कळे. एकामागून एक खरेदीदार येऊन हात दाबून जाई आणि शेवटी अडत्या अमक्याला माल दिला म्हणून जाहीर करी. या साऱ्या व्यवहारात एकही शब्द उच्चारला जात नसे, एकही ओळ लिहिली जात नसे. आणि तरीही रुमालाखाली दिलेला भाव खरेदीदार सहसा नाकारीत नसे. प्रतिष्ठेचा याहून चांगला नमुना कोणता दाखवावा?

मात्र ज्याचा माल विकला जात होता तो शेतकरी दोन हातांवर गोणीला टेकून उभा असे आणि त्याला रुमालाखालचे काही दिसत नसे. सर्वांत वरचा भाव कोणता आला, तो खरोखरच मिळाला की अडत्याने आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकास झुकते माप दिले, हे समजण्याचा मार्ग त्याच्याजवळ नव्हता. अडत्या आणि खरेदीदार यांची गाठ रोज पडे. शेतकरी हंगामात दोनतीनदा येई. ज्याच्याशी रोजचा संबंध त्याला दुखवावयाचे नाही, हा मनुष्यस्वभाव आहे. याचा अर्थ सर्व अडते अप्रामाणिक होते असा नव्हे. गावाकडच्या शेतकऱ्याला अडीअडचणीला पैसे देणारे, मुक्कामाला जागा देणारे, पट्टीत एका पैशाची गफलत होऊ न देणारे अडते प्रत्येक पेठेत होते व आजही आहेत. पण ज्या व्यवहारात एका पक्षाला पाहण्याचाच अधिकार नाही, तेथे प्रामाणिकपणा हा दुसऱ्या पक्षाच्या मर्जीचा भाग होऊन बसतो.

कागदाबाबतही हीच गोष्ट. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचे भाव भडकले व शेतकऱ्यास कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले, कर्ज मात्र राहिले. त्यातच सरकारी सारा वाढला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा झाला आणि त्याचे लोण लगोलग नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत तालुक्यांत पसरले. या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोख माणसांपेक्षा सावकारांच्या खतांवर व दस्तऐवजांवर होता. कागद मिळाले की ते जाळून टाकावयाचे. ज्या वहीची सावकार पूजा करी ती कुणब्याच्या दृष्टीने फासाची दोरी झाली होती, कारण तीत काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नव्हते. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने नेमका हाच दोष हेरला. शेतकऱ्याने करून द्यावयाचे दस्तऐवज नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर व्हावेत, भरलेल्या पैशाची पावती मिळावी, हिशेबाचा उतारा मिळावा, अशा तरतुदी त्यात होत्या. नगर जिल्ह्याच्या शेतकऱ्याने पावती मागणे ही नवलाई नाही. तिच्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

बाजाराच्या बाबतीत असाच बदल हळूहळू झाला. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली कापसाची पहिली नियंत्रित बाजारपेठ सुरू झाली व १८९७ साली वऱ्हाडासाठी स्वतंत्र कायदा झाला. मुंबई इलाख्यात प्रथम १९२७ साली कापसापुरता आणि नंतर १९३९ साली सर्व शेतमालासाठी कायदा झाला. पुढे महाराष्ट्राचा १९६३ चा कायदा १९६७ पासून अमलात आला व त्याखाली आजच्या बाजार समित्या काम करतात. रुमाल गेला आणि उघड लिलाव आला. अनुज्ञप्तीवाचून कोणी खरेदी करू नये, वजन प्रमाणित काट्यावर व्हावे, विक्रीनंतर २४ तासांच्या आत शेतकऱ्याच्या हाती पैसे पडावेत, ही या पद्धतीची मुख्य अंगे होत. जुलै २०१६ पासून फळे, भाजीपाला, कांदा व बटाटा यांची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावयाची आहे. ही गोष्ट अद्याप काही शेतकऱ्यांना ठाऊक नसते, म्हणून ती गावोगाव सांगितली पाहिजे.

तथापि रुमाल गेला म्हणजे सर्व काही दिसू लागले, असे नाही. लिलावात वक्कलाचा भाव उघडपणे पुकारला जातो, पण त्यानंतर काय घडते यावर लक्ष ठेवणारे थोडे. समजा, पारनेर तालुक्यातील एका शेतकऱ्याने कांद्याच्या ४० गोण्या आणल्या. प्रत्येक गोणी ५० किलोंची धरल्यास एकूण माल २० क्विंटल होतो. क्विंटलला १,५०० रुपये भाव पुकारला गेला, तर रक्कम ३०,००० रुपये झाली. आता ‘माल ओला आहे’, ‘आत पत्ती आहे’ असे म्हणून तोंडी दर गोणीस दोन किलो कडता धरला, तर ८० किलो कमी झाले, म्हणजे १,२०० रुपये गेले. पट्टीवर १९ क्विंटल २० किलो एवढेच वजन दिसेल; भाव मात्र पुकारलेलाच असेल. शेतकरी भाव पाहून समाधानाने घरी जाईल. म्हणूनच पट्टी हाती येताच प्रथम भाव पाहू नये, वजन पाहावे. ते काट्याच्या चिठ्ठीशी जुळवावे, गोण्यांची संख्या मोजावी, मग हमाली, तोलाई, वाराई यांचे आकडे वाचावेत आणि सर्वांत शेवटी बेरीज.

दुसरी चाल अशी की, लिलाव झाल्यानंतर माल उचलताना दोष दाखवून भाव पाडावयाचा. येथेच शब्दाची कसोटी लागते. लिलावापूर्वी गोणी फोडून माल पाहण्याची संधी खरेदीदारास असते. पाहून बोली केल्यावर ती मोडणे हे बाजाराच्या जुन्या परंपरेसही धरून नाही. मुंबईच्या कापूस बाजारात प्रतीविषयी वाद निघाल्यास नमुना काढून तो पंचांपुढे ठेवीत व त्यांचा निर्णय दोघे मानीत. बाजार समितीतही असा वाद समितीच्या कर्मचाऱ्यासमोर नेता येतो. दोघांतच ओट्यावर तडजोड केली की शेतकरीच माघार घेतो, कारण गाडीभाडे चढत असते व सायंकाळ झालेली असते.

परंतु शेतकऱ्याच्या बाजूनेही शब्द असतो. गोणीच्या तोंडाला निवडक एक नंबरचा कांदा आणि तळाशी गोल्टी भरली, तर कडता मागणाऱ्यास आपण होऊन निमित्त दिल्यासारखे होते. मुंबई सरकारला १८६३ साली कापसातील भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला होता, इतकी ही खोड जुनी आहे. प्रतवारी घरीच करून एक नंबर, दोन नंबर व गोल्टी वेगवेगळ्या गोण्यांत आणणाऱ्या शेतकऱ्याचे वक्कल खरेदीदार ओळखू लागतात. त्या गोण्या फोडून पाहण्याची गरजही मग त्यांना भासत नाही. पत ही केवळ व्यापाऱ्यानेच कमवावयाची वस्तू नव्हे.

उचलीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. हंगामापूर्वी अडत्याकडून घेतलेली उचल बिनव्याजी दिसते, पण तिच्यामुळे माल त्याच दुकानी नेण्याचे बंधन पडते. मग शेजारच्या पेठेत चढा भाव असला तरी तो उपयोगाचा नाही, आणि पट्टीतील कडत्याविषयी तोंड उघडणेही जड जाते. विविध कार्यकारी सोसायटीचे पीककर्ज वेळेवर मिळविणे हा या बंधनावरचा खरा उतारा आहे. या कामी कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वीच लक्ष घालावे, नंतर नव्हे.

वायद्यांचे म्हणाल तर आता ते ओरडून होत नाहीत. २००३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय वायदे बाजारांत सर्व सौदे संगणकावर होतात आणि २८ सप्टेंबर २०१५ पासून त्यांवर सेबीची देखरेख आहे. तेथे शब्दाची जागा अनामत रकमेने घेतली आहे. रोजच्या रोज भावातील फरक वसूल होतो, त्यामुळे समोरचा माणूस कोण हे कळण्याची जरुरीच उरत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीन, हरभरा, गहू, मोहरी, मूग इत्यादींचे वायदे सरकारने स्थगित केले व ती मुदत पुढे वेळोवेळी वाढविण्यात आली. हळदीचे वायदे मात्र चालू राहिले. एकट्या लहान शेतकऱ्याने वायद्यात उतरावे, अशी शिफारस करता येत नाही. त्यातील अनामत व रोजचा फरक भरण्याची ताकद शेतकरी उत्पादक कंपनीसारख्या संस्थेतच असू शकते. मात्र जेथे वायदा चालू आहे तेथे पुढील महिन्यांचे भाव वाचावयास शिकणे कोणासही शक्य आहे. चाळीत कांदा किंवा कोठारात धान्य ठेवावे की विकावे, याचा विचार करताना भावांची नोंद ठेवण्याची ही सवय उपयोगी पडते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामाच्या आरंभी गावात एक बैठक घ्यावी व तीत मागील वर्षाच्या दोनचार खऱ्या पट्ट्या सर्वांसमोर वाचून दाखवाव्यात. नावे झाकून घ्यावीत, म्हणजे कोणास संकोच वाटणार नाही. साध्या कागदावरील चिठ्ठी आणि बाजार समितीच्या नमुन्यातील क्रमांकित हिशेबपट्टी यांतील फरक हाती घेऊन दाखवावा; पैसे थकले तर साध्या चिठ्ठीचा आधार फारच थोडा असतो. पैसे मुदतीत न मिळाल्यास शेतकऱ्याने वाट पाहत न बसता मूळ पट्टी व काट्याची चिठ्ठी यांच्या प्रती जोडून बाजार समितीच्या सचिवांकडे लेखी अर्ज द्यावा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. तेथे दाद न लागल्यास तालुक्याचे सहायक निबंधक आणि त्यानंतर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे जाता येते. अर्जात अडत्याचा अनुज्ञप्ती क्रमांक लिहावा. तो पट्टीवर छापलेला असतो. नसल्यास त्या दुकानी माल उतरविण्यापूर्वीच विचार करावा.